सोबतीचं नाव

"काकासाहेब, मंडळीतल्या अर्ध्या लोकांचे सोबती तुम्ही. मंग तुमचा सोबती कोण?"

प्रश्न माझा नव्हता. तो प्रिया आणि राजनंदिनीनं शाळेच्या मागच्या कट्ट्यावर बसून तयार केला होता. चारचौघांत विचारला तर प्रिया सहामाही संपेपर्यंत मला रोज कचोरी देणार होती. राजनंदिनी आमच्या चर्चमधली नाही. दृढीकरण म्हणजे मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर कबूल करणं, हे मला तिला दोनदा समजावून सांगावं लागलं, आणि तरी सगळ्यात टोकदार प्रश्न तिलाच सुचला.

मी तो चारचौघांत नाही, चाळीस जणांत विचारला. काकासाहेब आणि प्रभावती आजीच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांच्या जालन्याच्या घरी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना आणि जेवण, होती. सोफे भिंतीला लावलेले, मधे सतरंज्या, दाराबाहेर चपलांचा ढीग.

आमच्या मंडळीत, म्हणजे जालन्याच्या ज्या चर्चला आम्ही भोकरदनहून जातो तिथं, एक पद्धत आहे. दृढीकरण घ्यायच्या आधी प्रत्येक मुलामुलीनं आईवडील सोडून एक मोठं माणूस सोबती म्हणून निवडायचं. त्याच्याशी तोवर नेमानं बोलायचं, मनातलं सांगायचं, शंका विचारायच्या. मग पाळकसाहेब वेदीजवळ दोघांचीही नावं घेतात. माझं नाव द्यायची मुदत पुढच्या रविवारी संपत होती. मी कुणाचं नाव देणार, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं काय त्यात? पप्पांचे सोबती काकासाहेब. रूपाली आत्याचे सोबती काकासाहेब. पप्पांचे वडील लवकर गेले, तेव्हा ह्या दोघा भावंडांना त्यांच्या चुलत्यानं, काकासाहेबांनीच वाढवलं. त्यामुळं पप्पा त्यांच्यासमोर आजही खुर्चीच्या टोकावर बसतात, बस सुटायला आल्यासारखे.

"माझा सोबती प्रभू," काकासाहेब म्हणाले.

"तो तर सगळ्यांचाच आहे. माणसातला कोण?"

मम्मीनं माझा ड्रेस मागून ओढला. काकासाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"होते. भिवा मास्तर. आमच्या गावचे उपदेशक. मी गडी झालो तवर होते."

"आणि ते गेल्यावर?"

"ते गेल्यावर," काकासाहेब म्हणाले आणि चष्मा परत लावला, "कोणी न्हाई."

प्रभावती आजी पदर तोंडाला लावून आत निघून गेली. ती हसत होती, हे फक्त मला दिसलं. मला कचोऱ्या मिळाल्या होत्या, पण त्या जितक्या गोड लागायला पाहिजेत तितक्या लागणार नव्हत्या. ते 'कोणी न्हाई' त्यांनी फार साधेपणानं सांगितलं होतं.

*

मम्मी मला मागच्या खोलीत घेऊन गेली. पप्पा आमच्या पाठोपाठ आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"कुणी शिकवलं हे?" मम्मीनं विचारलं.

"कुणी न्हाई. शंका होती."

"शंका घरी विचारायच्या असतात. तिथं प्रियाची आई बसलेली, पाळकसाहेबांची बायको बसलेली. उद्या काकासाहेब म्हणले की ही पोरगी मला नको, मंग?"

"ते न्हाई म्हणणार," पप्पा म्हणाले. "त्यांना राग न्हाई आला. उलट मला वाटतं, त्यांना बरं वाटलं."

"तुम्हाला सगळं बरंच वाटतं."

मम्मीचं म्हणणं काय आहे ते मला कळतं, आणि तिच्या बाजूनं बघितलं तर ते बरोबरही आहे. ती घनसावंगीच्या घरातून आली. तिच्या माहेरी चर्चला जाणारं एकच घर, पाळक महिन्यातून एकदा यायचे. लग्न होऊन आली तेव्हा उपासनेत कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं, हे ती शेजारणीकडं बघून करायची. कोणीतरी ते बघितलं आणि सासरी सांगितलं. तेव्हापासून तिनं कुठंच चूक केलेली नाही. काकासाहेबांचं नाव माझ्या नावाशेजारी वेदीजवळ घेतलं गेलं, की मम्मीच्या हिशोबी तो विषय कायमचा मिटणार होता. दृढीकरणाची पांढरी साडी तिनं आधीच आणून ठेवली होती.

"मी त्यांचं नाव देईन असं मी कधी म्हणले?" मी विचारलं.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"मंग कुणाचं?" पप्पा म्हणाले.

"ठरलं न्हाई. पण मी त्यांना काही सांगितलं, तर ते रविवारी माइकवर ऐकू येतं. आत्याचं झालं तसं."

पप्पांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. आत्याचा विषय निघाला की ते खिडकी शोधतात.

आत्याचं झालं ते असं. दोन वर्षांपूर्वी तिनं काकासाहेबांना एकट्यात सांगितलं होतं की तिचा नवरा संभाजीनगरला दुसऱ्या बाईकडं राहतो. तिनं हे आणखी कुणालाच सांगितलं नव्हतं, पप्पांनाही नाही. पुढच्या रविवारी मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी मागायची, प्रार्थना काकासाहेबांकडं होती. त्यांनी डोळे मिटून, आवाज चढवून देवाला विनंती केली की आमच्या रूपालीचा मोडत चाललेला संसार सावर आणि तिच्या नवऱ्याला त्या बाईच्या घरातून बाहेर काढ. तिसऱ्या बाकावर आत्याची चुलतसासू बसलेली होती. प्रार्थना देवापर्यंत किती लवकर पोचली माहीत नाही, संभाजीनगरला जेवणाच्या आत पोचली. आत्या प्रार्थना चालू असतानाच उठून गेली. त्या दिवसापासून ती उपासनेला येते कधीमधी, मागं बसते, पण प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, उठत नाही.

"आत्याची गोष्ट येगळी," मम्मी म्हणाली. "तुझ्याकडं असं काय लपवायचं आहे?"

मी पप्पांकडं बघितलं. पप्पांना माहीत होतं. आमच्या घरी जेवणाआधी एकेक जण पाळीनं प्रार्थना करतो. गेले दोन महिने माझी पाळी आली की मी म्हणायचे, आज पप्पा करा. एकदा त्यांनी कारण विचारलं आणि मी सांगून टाकलं: डोळे मिटले की पलीकडं कुणी ऐकतंय असं वाटत नाही. पप्पा शिक्षक आहेत, उत्तर येत नसलं की ते विद्यार्थ्याला 'बघू' म्हणतात. मलाही 'बघू' म्हणाले होते.

"काही न्हाई," मी मम्मीला म्हणाले. "भाकरी झाल्या का बघून येते."

*

उपकारस्तुती असो, वाढदिवस असो, प्रार्थनेची वेळ जवळ आली की रूपाली आत्या स्वयंपाकघरात शिरते आणि परातीसमोर बसते. दोन वर्षांत तिच्या भाकऱ्या घरात सगळ्यात पातळ झाल्या आहेत.

"विचारलंस म्हणं," ती मान वर न करता म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"काकू हसत आत आल्त्या. त्यांना मी इतकं हसताना पहिल्यांदा बघितलं. पाट घे, बस."

मी बसले. येसराच्या आमटीला उकळी येत होती. जवळ कुणी नाही हे बघून मी म्हणाले, "आत्या, तू माझी सोबती हो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"प्रभुभोजन न घेणाऱ्याचं नाव पाळकसाहेब घेत न्हाईत. नियम आहे."

"नियमाचं नंतर बघू. आधी ऐक."

मग मी तिला सांगितलं, पप्पांना सांगितलं होतं तेच, पण थोडं जास्त. की दृढीकरणाच्या दिवशी सगळ्यांसमोर 'माझा विश्वास आहे' असं म्हणायचं असतं, आणि मला ते पाठ असलेल्या कवितेसारखं म्हणता येईल, पण तसं म्हणायचं नाही. आत्यानं भाकरी उलटली. ती जालन्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे आणि ऐकताना तिचा चेहरा अजिबात बदलत नाही.

"कधीपासून?"

"दोन महिने."

"झोप लागती का? जेवण?"

"मी पेशंट न्हाई, आत्या."

"विचारावं लागतं. अभ्यासाचं टेन्शन?"

"न्हाई. बाकी मस्त चालू आहे. वक्तृत्वात पहिली आले. हेच तेवढं होऊन राह्यलं."

"बरं." तिनं भाकरी निखाऱ्याजवळ उभी केली. "हे बघ, माझ्याकडं उत्तर न्हाई. मलाही वर्षभर तसंच वाटलं. म्हणून मी ओठ हलवायचं बंद केलं. ड्यूटी संपली की दवाखान्याच्या मागं लिंबाखाली बाकडं आहे, तिथं बसते. मागत काही न्हाई, सांगत काही न्हाई. काही दिवस नुसतं बसणं होतं."

"आणि काही दिवस?"

"काही दिवस उठावंसं वाटत न्हाई."

"म्हणजे तू देव सोडला न्हाईस."

"मी मंडळीत बोलायचं सोडलं. लोकांना दोन्ही एकच वाटतं." तिनं पिठाचा हात परातीत झटकला. "तू म्हणतीस ते मला वाईट वाटलं न्हाई. पाठ केलेलं म्हणायचं न्हाई म्हणतीस, ते तर मला बराबर वाटतं. घाई करू नको. बसायचं असलं तर शनिवारी ये. पण सोबती-बिबती कुणाला सांगू नको, मी त्या लायकीची न्हाई."

"लायकी कोण ठरवतं?"

"तू प्रश्नांचं दुकान उघडलंस का आज?" ती हसली. मग भाकरी टोपलीत टाकताना, आवाज अजिबात न बदलता म्हणाली, "तू सांगितलंस ते इथंच राहील. तुझ्या मम्मीला सांगायचं असलं तर तू सांग. माझ्याकडून जाणार न्हाई."

मला एवढंच पाहिजे होतं. तिला ते देण्यात काही विशेष वाटलं नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

*

आम्ही हे बोलत होतो तेव्हा पप्पा अंगणात काकासाहेबांशेजारी उभे होते; हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांना आतून एक गोष्ट खात होती. बहिणीचं दुखणं त्यांना सगळ्या मंडळीबरोबर कळलं होतं, सगळ्यांच्या नंतर नाही तरी सगळ्यांच्या आधीही नाही. मुलीच्या बाबतीत उशीर करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि लहानपणापासून त्यांना अडचण घेऊन जायला एकच माणूस माहीत होता.

"काकासाहेब, पोरीसाठी जरा प्रार्थनेत आठवण ठेवा," ते म्हणाले. "तिचं मन लागत न्हाई प्रार्थनेत. म्हणती, कोणी ऐकत न्हाई."

आठवण ठेवा म्हणजे मनातल्या मनात, असं पप्पांना अभिप्रेत होतं. तसं त्यांनी म्हटलं मात्र नाही.

काकासाहेबांनी ते कसं ऐकलं, हे प्रभावती आजीनं मला पुढं समजावलं. काकासाहेबांचं लहानपण हसनाबादच्या बाजूच्या एका खेड्यात गेलं. मूठभर ख्रिस्ती घरं, मातीचं चर्च आणि भिवा मास्तर. तिथं कुणाचं नाव प्रार्थनेत मोठ्यानं घेतलं गेलं, की दिवस मावळायच्या आत त्याच्या घरी पीठ पोचायचं. आजाऱ्याचं नाव आलं की बैलगाडी दाराशी उभी राहायची. तिथली प्रार्थना म्हणजेच दवंडी होती आणि मदतही होती. काकासाहेबांची आई गेली, तेव्हा भिवा मास्तरांनी त्यांचं नाव असंच घेतलं, आणि पोरका पोरगा वर्षभर रोज वेगळ्या घरी जेवला. दुःख झाकून ठेवलं तर माणूस उपाशी राहतो, हे त्यांना तेव्हा कळलं. ते जालन्याला आले, हेडमास्तर झाले, चर्चच्या कारभारी मंडळात वडील झाले, पण ती रीत त्यांनी सोडली नाही. इथं प्रार्थनेनंतर पीठ पोचत नाही, फोन जातात, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. आत्या उठून गेली, त्या दिवशी त्यांनी आजीला विचारलं होतं, "रूपालीकडं कोण कोण गेलं?" कोणीच गेलं नव्हतं. त्यांना मंडळीचा राग आला. स्वतःचा आला नाही.

म्हणून जेवणाआधी सगळे डोळे मिटून बसले, आणि काकासाहेब पन्नास वर्षांसाठी, पावसासाठी, कापसासाठी आभार मानून, दवाखान्यातल्या लोकांसाठी मागून झाल्यावर म्हणाले:

"आणि हे दयाळू पित्या, आमच्या देवानंदची आकांक्षा. पोरीच्या मनात अविश्वास शिरला आहे. तू ऐकत न्हाईस असं ती म्हणती. दृढीकरणाच्या तोंडावर तिला असं सोडू नको."

मी डोळे उघडले. प्रार्थनेत डोळे उघडले की खोली वेगळीच दिसते. चाळीस मिटलेले चेहरे, आणि त्यांतले बरेचसे नीट मिटलेले नव्हते. प्रियाच्या आईची एक पापणी हलत होती. मम्मीची मान इतकी खाली गेली होती की फक्त भांग दिसत होता. पप्पांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडं बघत होते, आणि खिडकीकडं बघत नव्हते.

मला उठून जाता आलं असतं. आमच्या घरात त्याचा पायंडा पडलेला आहे. पण मी उठले असते तर सगळ्यांना वाटलं असतं की गोष्ट लाजेची आहे. मला लाज वाटत नव्हती. माझी वस्तू न विचारता कुणीतरी कपाटातून काढून सतरंजीवर मांडल्यासारखं वाटत होतं. म्हणून मी बसून राहिले, मांडी न बदलता.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आत्या आली. हात पिठाचे तसेच. ती सतरंजीवरच्या लोकांमधून वाट काढत आली आणि माझ्या शेजारी बसली. दोन वर्षांत प्रार्थना चालू असताना ती पहिल्यांदा त्या खोलीत बसली होती. काकासाहेबांचे डोळे मिटलेले असल्यामुळं हे त्यांना 'आमेन' म्हटल्यावर दिसलं.

सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. आत्यानं म्हटलं नाही.

"काकासाहेब," ती म्हणाली, "हे आकांक्षानं तुम्हाला सांगितलं होतं का?"

"देवानंद बोलला."

"मंग ते तिचं होतं. तुम्हाला दिलेलं नव्हतं."

"प्रार्थनाच केली ना, बाई. वाईट काय केलं? चार लोक तिच्यासाठी गुडघे टेकतील."

"माझ्यासाठी किती टेकले?"

काकासाहेब आत्याकडं बघत राहिले, शाळेत एखादी बेरीज दरवेळी चुकावी आणि नेमकं कुठं चुकते ते सापडू नये तसे. प्रभावती आजीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "केक कापा आधी," ती म्हणाली. "लोक उपाशी आहेत."

केक कापला. काकासाहेबांनी पहिला तुकडा आजीला भरवला आणि दुसरा हातात धरून इकडं तिकडं बघत राहिले. तो कुणाला द्यायचा, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मी जाऊन तो घेतला. चिडलेलं असलं तरी केक घ्यायला हरकत नसते. शिवाय ज्या माणसाला आपलं सांगायला कोणीच नाही, त्याला सगळं देवाला मोठ्यानं सांगायची सवय लागणारच.

*

भोकरदनच्या बसमधे आम्हाला मागची सीट मिळाली. मी मधे, मम्मी खिडकीशी, पप्पा कडेला. राजूर आलं तेव्हा पप्पा म्हणाले, "काळजीपोटी बोललो."

"माहिती आहे."

"ते मोठ्यानं म्हणतील, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं."

"हो, पाहिजे होतं," मम्मी म्हणाली. हे ती मला म्हणेल असं मला वाटलं होतं. ती पप्पांना म्हणाली. "तुमच्या बहिणीचं एकदा बघितलं होतं ना. मी बाहेरची, मला कळत न्हाई असं समजा. तुम्हाला तर कळत होतं."

पप्पांनी मान डोलावली. मग मम्मी माझ्याकडं वळली, आणि तिचा आवाज मऊ झाला, म्हणजे ती काहीतरी पक्कं ठरवून बोलत होती.

"झालं ते झालं. आता एकच उपाय. तू दृढीकरण घेऊन टाक. काकासाहेबांचं नको, पाळकसाहेबांच्या बायकोचं नाव देऊ, मी बोलते. तू पांढऱ्या साडीत उभी राह्यलीस की लोकांची तोंडं आपोआप बंद. न घेतलंस तर सगळे म्हणतील, बघा, काकासाहेब खरंच बोलले, पोरीचा विश्वासच न्हाई. समजतंय का तुला?"

मला समजत होतं. तिच्या घनसावंगीपासूनच्या सगळ्या वर्षांसकट समजत होतं. ह्या वेळी पप्पांचं 'बघू' आलं नाही. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"मम्मी, लोक ते म्हणणारच, आणि त्यात खोटं काही न्हाई," मी म्हणाले. "मी ह्या वर्षी दृढीकरण घेणार न्हाई. घेईन तेव्हा रूपाली आत्याचं नाव देऊन घेईन. ती प्रभुभोजनाला परत उठेल त्या वर्षी, आणि ते तिचं ती ठरवेल, तिला कुणी सांगायला जायचं न्हाई. तोपर्यंत दर शनिवारी मी जालन्याला तिच्याकडं जाणार, आणि तिथं काय बोलणं झालं ते घरी येऊन सांगणार न्हाई. साडी ठेवून दे, ती मी नेसणार आहे. पाळकसाहेबांना रविवारी मी स्वतः सांगते. पप्पा, तुम्ही काही बोलू नका, फक्त माझ्याशेजारी उभे राहा."